चाळिशीनंतर हाताचं काम: गोव्यात अंगमर्दन आणि ॲक्युपंक्चर शिकून उभं राहायचं तर

‘कोर्स कुठे करू?’ हा प्रश्न घेऊन येणारी माणसं साधारण एकाच वयाची असतात, पंचेचाळीस ते पंचावन्न. बँकेतली अधिकारी, जहाजावरून कायमचा उतरलेला तारवटी, हायस्कूलची शिक्षिका, वेर्ण्याच्या औषध कंपनीत अर्धं आयुष्य शिफ्टमध्ये काढलेला सुपरवायझर. कुणाची पाठ सुयांनी सुटलेली असते. कुणी आईच्या शेवटच्या आजारपणात रोज तिचे पाय चेपलेले असतात, आणि आपलं खरं काम हेच होतं असं त्यांना तेव्हा वाटून गेलेलं असतं. ते खोटं नसतं. पण कोर्सचा प्रश्न बराच पुढचा. त्याआधी एक ठरवावं लागतं: तुम्ही माणसाच्या कातडीवर हाताने काम करणार की कातडीच्या आत सुईने?

याचं उत्तर बदललं की कायदा बदलतो, शिकायची वर्षं बदलतात, खर्च बदलतो, कचऱ्याचा डबासुद्धा बदलतो. माझं मत आधीच सांगून टाकते. वैद्यकीय पदवी नसलेल्याने गोव्यात राहून या वयात आधी हाताने काम करायला शिकावं, त्यावर दोन-तीन वर्षं घर चालतं का ते बघावं आणि मगच सुईचा विचार करावा. एमबीबीएस किंवा बीएएमएस झालेल्यांची वाट वेगळी आहे. हा लेख त्यांच्यासाठी नाही.

आधी नोकरी न सोडता हात तपासा

सहा महिने रविवार मोकळे ठेवा. ओळखीतली पाच माणसं निवडा, पण पाचही एकसारखी नकोत. माडावर चढून खांदे भरून आलेला पाडेली, दिवसभर लोकांना मागे बसवून फिरणारा मोटरसायकल पायलट, ओट्यासमोर उभं राहून टाचा गेलेली वहिनी, एखादं जाड अंग, एखादं हाडकुळं. आणि त्यात एक तरी माणूस असा घ्या, जो तुमचं मन राखायला ‘बरं वाटलं हां’ असं म्हणणार नाही.

काम पाय, पोटऱ्या, पाठ, खांदे आणि हात एवढ्यापुरतंच ठेवा. मान कडकन मोडणं नाही, गळ्याच्या पुढच्या बाजूला दाब नाही. मानेतल्या रक्तवाहिन्या हा नवशिक्याच्या प्रयोगाचा विषय नव्हे.

एक वही करा. प्रत्येकाचं दुखणं कुठे, शून्य ते दहामध्ये किती, तुम्ही काय केलंत, किती वेळ, हे लिहा. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फोन करून पुन्हा आकडा विचारा. हा फोन सगळ्यात महत्त्वाचा. टेबलावरून उठताना सगळ्यांनाच हलकं वाटतं. रात्री झोप कशी लागली आणि सकाळी खाली वाकता आलं का, यावरून तुमचा हात कळतो. काही आठवड्यांनी वही वाचली की कुठे तुम्ही फक्त जोर लावत होतात ते तुमचं तुम्हालाच दिसेल.

याच काळात शरीररचना शिका, आणि ती स्वतःच्या अंगावर शिका. मान खाली घातली की मानेच्या तळाशी जो मणका ठळक वर येतो, तो बहुधा मानेचा सातवा. कमरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा सरळ रेषेने जोडल्या की ती रेषा साधारण कमरेच्या चौथ्या मणक्यावरून जाते. खांद्याच्या पात्याची कड बोटाने चाचपत खालपर्यंत जा. नावं पाठ झाली नाहीत तरी चालेल, पण डोळे मिटून हाड कुठे संपतं आणि स्नायू कुठे सुरू होतो हे कळायला हवं.

गावात बाळ-बाळंतिणीला तेल लावून न्हाऊ-माखू घालणारी म्हातारी अजून असेल तर तिच्याकडे जा. तिच्या भिंतीवर कसलंही सर्टिफिकेट नसेल. पण पोटावर किती हलका हात फिरवायचा, तेल किती कोमट हवं, दुखावलेल्या बाईशी बोलता बोलता तिचं अंग कसं सैल करायचं, हे तिच्याइतकं कोणी दाखवणार नाही. नुसतं बघत बसा, आणि जाताना तिला चार पैसे द्या.

सहा महिन्यांत तीन गोष्टी लक्षात येतात. परक्या घामाचा वास नकोसा होतो का? समोरचा रडायला लागला की गप्प बसता येतं, की लगेच उपदेश सुरू होतो? आणि तुमच्या अंगठ्याच्या मुळाशी दुखतं का? पहिल्या दोन्हींवर उपाय नाही. तिसऱ्यावर आहे.

पद्धत आपल्या सांध्यांकडे बघून निवडा

या वयात ही निवड आवडीवर सोडू नये. थाई मसाज आणि शिआत्सू (बोटांनी, तळव्यांनी दाब देण्याची जपानी पद्धत) जमिनीवर गादी घालून करतात. दिवसातून चार वेळा गुडघ्यांवर रांगायची तयारी हवी. गुडघे आधीच कुरकुरत असतील तर तो नाद सोडा. टेबलावरच्या तेल-मालिशीत गुडघे वाचतात, पण कंबर आणि अंगठे भरडले जातात. रजोनिवृत्तीनंतर बायकांमध्ये अंगठ्याच्या मुळाच्या सांध्याची झीज बरीच दिसते, म्हणून पहिल्या दिवसापासून अंगठ्याऐवजी कोपर, हाताचा पुढचा भाग आणि अंगाचं वजन वापरायला शिका. टेबलाशेजारी ताठ उभं राहून हात सोडल्यावर मुठीची गाठ टेबलाला जेमतेम टेकेल, एवढी उंची ठेवा. त्याहून टेबल उंच असलं की वजन वापरता येत नाही, नुसता खांदा ओढला जातो.

ॲक्युपंक्चरला ताकद लागत नाही, पण जवळची नजर आणि न थरथरणारी बोटं लागतात. पंचेचाळिशीनंतर चष्म्याचा नंबर तपासून घेणं हा इथे धंद्याच्या खर्चातला भाग.

शिक्षण: कुठलं, किती, कुणाकडे

ऑक्टोबर ते मार्च हरमलच्या किनाऱ्यावर आणि आसपास थाई मसाजपासून क्रेनिओसॅक्रलपर्यंत (डोकं आणि माकडहाडाजवळ अगदी हलका हात ठेवण्याची पद्धत) सगळ्याचे वर्ग चालतात. काही शिक्षक उत्तम असतात. तिथून हाताला वळण मिळतं, कायद्याचा आधार मिळत नाही. भिंतीवर ते प्रमाणपत्र खुशाल लावा, पण त्याच्या जोरावर ‘थेरपी सेंटर’ची पाटी लावून मोकळे होऊ नका. शिकवणारा परदेशी असेल तर तो कुठल्या व्हिसावर शिकवतो तेही विचारा. पर्यटक व्हिसावर पैसे घेऊन शिकवता येत नाही, आणि मधेच वर्ग बंद पडला तर फी परत मागायला दार राहत नाही.

नोकरी मिळवण्याच्या दृष्टीने ब्युटी अँड वेलनेस सेक्टर स्किल कौन्सिलच्या चौकटीतला स्पा थेरपिस्टचा अभ्यासक्रम जास्त उपयोगी. हॉटेलवाले तो कागद ओळखतात. पंचकर्माकडे ओढा असेल तर शिरोड्याचं गोमंतक आयुर्वेद महाविद्यालय आणि धारगळला २०२२ मध्ये सुरू झालेली अखिल भारतीय आयुर्वेद संस्था, या दोन्ही ठिकाणी जाऊन विचारा. वैद्याच्या देखरेखीखाली अभ्यंग (तेल-मालिश) आणि स्वेदन (घाम आणणारा शेक) करणाऱ्या हातांची गरज असते. स्वतःची खोली उघडण्याआधी एखादं वर्ष अशी पगारी नोकरी केलेली मी सगळ्यांत शहाणपणाची समजते.

आता सुई. मराठी माणसाला सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस ठाऊक असतात. १९३८ च्या वैद्यकीय पथकातून ते चीनला गेले आणि १९४२ मध्ये तिथेच वारले. त्याच पथकातले कोलकात्याचे डॉ. बिजॉयकुमार बसू मात्र आपल्याकडे फारसे माहीत नाहीत. ते पुढे पुन्हा चीनला जाऊन ॲक्युपंक्चर शिकून आले, आणि १९५९ पासून भारतात ही पद्धत रुजली ती त्यांच्यामुळे. पहिला स्वतंत्र कायदाही बंगालनेच केला, १९९६ मध्ये. केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने २५ नोव्हेंबर २००३ च्या आदेशात ॲक्युपंक्चरला उपचाराचं एक साधन मानलं आणि नोंदणीकृत वैद्यक व्यावसायिकांना किंवा योग्य प्रशिक्षण घेतलेल्यांना ते करायची मुभा दिली. पुढे महाराष्ट्राने ‘महाराष्ट्र ॲक्युपंक्चर उपचारपद्धती अधिनियम, २०१५’ केला आणि परिषद नेमली. गोव्याचा असा स्वतंत्र कायदा नाही. म्हणून इथे ‘योग्य प्रशिक्षण’ या शब्दांवरच सगळा भार येतो.

योग्य म्हणजे किती? जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ च्या मार्गदर्शक सूचनांत वैद्यकीय पदवी नसलेल्यांसाठी २,५०० तासांचं प्रशिक्षण सुचवलं आहे, आणि त्यातले किमान १,००० तास प्रत्यक्ष कामाचे. आता ‘दर रविवारी सहा तास’ वाल्या वर्गाचा हिशेब घाला. एकही रविवार न चुकवता आठ वर्षं लागतात. त्यामुळे सहा रविवारांत ‘मास्टर’ करणारा वर्ग कितीही प्रेमाने चहा पाजत असला तरी पैसे भरू नका.

संस्थेला विचारायचे प्रश्न थोडे, पण टोकदार असू द्या. देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर किती तास? छातीवर आणि पाठीच्या वरच्या भागात सुई किती खोल जाते आणि फुप्फुस किती जवळ असतं, हे कोण शिकवतं? सुया एकदाच वापरतात ना? महाराष्ट्राच्या परिषदेकडे या संस्थेची नोंद आहे का? शेवटच्याचं उत्तर संस्थेकडून ऐकून थांबू नका, परिषदेकडेच विचारा. शिकायला मुंबईला जावं लागणार असेल तर तिथे राहायचा खर्च धरून मगच आकडा मांडा.

ॲक्युपंक्चरच्या शास्त्रीय मांडणीत अंगावर मानलेल्या १४ वाहिन्यांवर (या रक्तवाहिन्या नव्हेत) ३६१ बिंदू येतात. मोजमापाचं एकक असतं रुग्णाच्याच अंगठ्याची रुंदी, तुमच्या नव्हे. त्याची चार बोटं जुळवली की तीन एककं. ‘मर्म आणि ॲक्युपंक्चर एकच’ असं शिकवणारे भेटतील. सुश्रुताची १०७ मर्मं ही प्रामुख्याने इजा झाली तर धोका होतो अशी ठिकाणं आहेत. तिथे सुई घालण्याची शिफारस म्हणून ती यादी वाचणाऱ्याकडे शिकू नये.

नोकरी सोडण्याचा हिशेब

सरकारी नोकरीत असाल तर पाटी लावण्याआधी थांबा. केंद्रीय नागरी सेवा वर्तणूक नियम, १९६४ प्रमाणे परवानगीशिवाय खासगी धंदा करता येत नाही, बायकोच्या किंवा नवऱ्याच्या नावाने लपवूनही नाही. वीस वर्षं पूर्ण झाल्यावर स्वेच्छानिवृत्तीचा मार्ग असतो. पेन्शन किती बसते ते आस्थापना शाखेतून लेखी काढून घ्या आणि मगच अर्ज टाका. खासगीत असाल तर भविष्यनिर्वाह निधीला हात न लावता निदान दीड वर्षाचा घरखर्च बाजूला ठेवा.

महिन्याचं गणित असं मांडा. समजा भाडं १२,००० आणि वीज, धुलाई, तेल, चादरी मिळून ८,०००. दिवसाला चार माणसं ही या वयात वरची मर्यादा, आठवड्याला पाच दिवस, म्हणजे महिन्याला साधारण ८०. पहिलं वर्षभर निम्मीच भरतील असं धरा. वीस हजारांना चाळिसाने भागलं की एका माणसामागे ५०० रुपये नुसत्या खोलीचे गेले. तुमची मजुरी त्यावर. हा आकडा फोंड्यात किंवा डिचोलीत लोक देतील का? देणार नसतील तर खोली घेऊ नका, घरोघरी जाऊन सुरू करा.

कागद आणि खोली

पंचायतीचा किंवा पालिकेचा व्यापार परवाना, घरमालकाची लेखी संमती, फ्लॅट असेल तर सोसायटीचीही. मसाजच्या कामाला आरोग्य खात्याची परवानगी लागते, आणि सुई वापरणार असाल तर क्लिनिकच्या नोंदणीचा प्रश्नही येतो. म्हणून पणजीला कांपालच्या आरोग्य सेवा संचालनालयात एक अर्ज द्या: माझं शिक्षण हे, काम हे, जागा ही, कुठली नोंदणी लागेल? पोचेवर इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात तेच विचारा. तोंडी ‘करा, काय होत नाही’ हे उत्तर पुढे कोणाच्याच लक्षात राहत नाही.

सुया आल्या की जैववैद्यकीय कचरा व्यवस्थापन नियम, २०१६ लागू झालेच. वापरलेली सुई थेट पांढऱ्या अर्धपारदर्शक, सुई आरपार जाणार नाही अशा डब्यात टाकायची, टोपण पुन्हा लावत बसायचं नाही, डबा तीन-चतुर्थांश भरला की बंद. साळगावच्या गोवा राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाकडून अधिकारपत्र घ्यावं लागतं आणि कचरा सामायिक प्रक्रिया प्रकल्पाच्या गाडीला द्यावा लागतो. पंचायतीच्या सुक्या कचऱ्यात गेलेली एक सुई गोळा करणाऱ्या बाईच्या हातात घुसते. हिपॅटायटिस बीची लस तुम्हीही घ्या: शून्य, एक आणि सहा महिने. सुई स्वतःला टोचली तर साबण-पाण्याने धुवा, पिळत बसू नका, आणि लगेच बांबोळीला गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजात) जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध ७२ तासांच्या आत सुरू व्हावं लागतं, आणि जितकं लवकर तितकं बरं.

किनाऱ्यावरच्या काही दुकानांमुळे आपल्याकडे ‘मसाज’ या शब्दाकडे लोक वाकड्या नजरेने बघतात. त्यावर चिडून उपयोग नाही, व्यवस्था करावी लागते. आतून कडी नाही, बाहेर बसायला बाक, पाटीवर नाव आणि वेळ. सुरुवातीला बायकांनी बायकांचं, पुरुषांनी पुरुषांचं काम घ्यावं. रात्री नऊनंतर आलेल्या ‘रेट काय?’ अशा फोनला उत्तर देऊ नये.

आणि पाऊस. जून ते सप्टेंबर टॉवेल वाळत नाहीत, टेबलाच्या रेक्झिनला बुरशी धरते, मोक्सा (बिंदूंना शेक द्यायला पेटवतात ती वाळकी वनस्पती) दमट होऊन पेटत नाही. सुयांची पाकिटं घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेल घालून ठेवा. ओल लागलेलं किंवा मुदत संपलेलं पाकीट फेकून द्या.

पहिल्या भेटीत काय करायचं

पहिली वीस मिनिटं हात लावू नका. विचारा: रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या? मधुमेह? पेसमेकर? गर्भ? कुठलं ऑपरेशन? गरोदरपणात अंगठा आणि तर्जनीच्या मधला प्रसिद्ध बिंदू आणि घोट्याच्या आतल्या बाजूला चार बोटं वरचा बिंदू पारंपरिक शिकवणीत वर्ज्य आहेत. पेसमेकर असेल तर सुयांना वीज जोडणं नाही. मधुमेह्याच्या बधिर पावलांत सुई नको, गरम शेकही नको. चटका बसला तरी त्याला कळणार नाही.

पुढची लक्षणं दिसली तर काम न करता डॉक्टरकडे पाठवा. कंबरदुखीबरोबर लघवी अडणं किंवा बैठकीची जागा बधिर होणं. ताप आणि पाठदुखी एकत्र. कारण नसताना घटलेलं वजन आणि रात्री झोपमोड करणारं दुखणं. एकच पोटरी सुजून लाल आणि गरम. ती चोळली तर आतली गुठळी सुटून फुप्फुसात जाऊ शकते. डाव्या हातात उतरणारी छातीतली कळ असेल तर १०८, लगेच. तारवटी, पायलट, भाटकार (जमीनदार), सगळे हेच म्हणतात: ‘गॅस झालाय गो.’

सुईच्या पहिल्या भेटीला माणूस उपाशी नको आणि बसलेला नको, आडवा हवा. घाम फुटून घेरी आली तर सुया काढा, पाय उंच करा. आत गेलेल्या सुया मोजून लिहा, काढताना पुन्हा मोजा. केसांत आणि चादरीच्या घडीत राहिलेली सुई नंतर सापडते. खांद्याच्या माथ्यावर आणि पाठीच्या वरच्या भागात सरळ खोल सुई घालू नये, फुप्फुसाला भोक पडू शकतं. धाप आणि छातीत टोचणं कधीकधी काही तासांनी सुरू होतं, म्हणून घरी गेल्यावर असं झालं तर काय करायचं ते आधीच सांगून ठेवा.

काय बरं होतं म्हणून सांगायचं

पुरावा जिथे आहे तिथे तो मध्यम आहे, आणि तेवढंच सांगावं. जुनाट दुखण्यांत, गुडघ्याच्या संधिवातात आणि मायग्रेनमध्ये ॲक्युपंक्चरने काहींना उपयोग होतो. पण खोट्या सुयांशी (टोचल्याचा नुसता भास देणाऱ्या) तुलना केली की फरक लहान होतो. ब्रिटनमध्ये उपचारांच्या शिफारशी ठरवणाऱ्या नाइस संस्थेने २०१६ मध्ये कंबरदुखीसाठी ॲक्युपंक्चर देऊ नये असं म्हटलं आणि २०२१ मध्ये प्राथमिक जुनाट वेदनेसाठी (जिच्यामागे दुसरं ठळक कारण सापडत नाही) त्याचा विचार करावा असं म्हटलं. शहाणी माणसं एकाच पुराव्यावर अशी घुटमळतात, तिथे आपण छातीठोक बोलू नये. डॉक्टरने दिलेली गोळी बंद करायला तर कधीच सांगू नये.

मधुमेह, कर्करोग, पक्षाघात बरे करतो अशी जाहिरात करणं १९५४ च्या औषधे आणि जादुई उपाय कायद्यात गुन्हा आहे. व्हॉट्सॲपवर फिरवलेला फलकही त्यातच आला समजा. नावामागे ‘डॉ.’ किंवा ‘फिजिओ’ लावू नका. पाच-सहा बैठकींत आकडा हलला नाही तर स्वतःहून सांगा की माझ्याकडून होत नाही, आणि पुढचे पैसे घेऊ नका. गावात ही बातमी कुठल्याही जाहिरातीपेक्षा लवकर पसरते.

सुरुवात कधी करावी

बहुतेक जण नोव्हेंबरात खोली उघडतात, पर्यटकांवर डोळा ठेवून. मी जून सांगेन. पावसात सांधे धरलेली गावची माणसंच येतात, आणि टिकणारं गिऱ्हाईक तेच. चवथीचे आठवडे कोऱ्या पानासारखे रिकामे जातील. पण चवथ संपली की मोदक, नेवऱ्या आणि माटोळी (गणपतीवरची फळाफुलांची सजावट) करून कंबर धरलेल्या बायका येतात, शिगम्यानंतर ढोल वाजवून खांदे गेलेले बाप्ये येतात. भाडेकरार अकरा महिन्यांचाच करा. मालक वाढवून भाडं मागेल तेव्हा वही काढून, दुसऱ्यांदा स्वतःहून आलेली नावं किती आहेत ते मोजा. ती निम्म्याहून कमी असतील तर खोली सोडून पुन्हा घरोघरी जा. सुईचा अर्ज अजून एक वर्ष थांबू शकतो.